दुखत तं नाई ना!

रिद्धपूरला बारीकसारीक गोष्टी टिपून ठेवायची जुनी सवय आहे. इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी इथं 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, तेव्हा चक्रधरस्वामी कुठं राहिले आणि कोणाला काय म्हणाले, एवढ्यावर त्यांनी भागवलं नाही. जेवण झालं, चूळ भरून झाली, विडा झाला, इथपर्यंतचा दिनक्रम पोथीत आला. ज्यांनी पाहिलं त्यांना गाठायचं, खोदून खोदून विचारायचं, दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर तसंही नोंदवायचं, असा सगळा चोख कारभार. मोर्शी तालुक्यातल्या या गावात मराठी गद्य उभं राहिलं ते असल्या चिकाटीवर.

त्याच गावात आमचे भाऊजी राहतात. संत्र्याची बाग आहे, ट्रॅक्टर आहे, तोंडात बत्तिसांपैकी बरेचसे दात आहेत. कोणत्या साली कोणत्या व्यापाऱ्यानं बाग काय भावानं मागितली आणि ऐन तोडणीच्या वेळी कसा पलटला, हे ते तिथीवारासकट सांगतात. त्यांना विचारा, "भाऊजी, दात घासताना रक्त कधीपासून येते?"

"रक्त? ते तं येतेच ना."

"येतेच म्हणजे?"

"म्हंजे येतेच. ब्रश केला का येते, नाई केला का नाई येत. म्हून म्या जास्त करतच नाई."

"आणि दुखते का?"

"दुखत तं नाई ना!"

विषय संपला. म्हाइंभट असते तर एवढ्यावर उठले नसते, पण त्यांच्या पुढ्यात निदान भाऊजी नव्हते.

वऱ्हाडात दुखण्याला मान मिळतो तो ठणक्याच्या हिशेबानं. दाढ ठणकली की घर जागं होतं. लवंग निघते, लवंगेचं तेल निघतं, कोणी हिंग दाबायला सांगतं, कोणी तंबाखूची चिमूट. गालाला दुपट्टा बांधून ओट्यावर बसलेला माणूस दिसला की रस्त्यानं जाणारा सायकलवरून उतरून विचारपूस करतो, आपल्या मामेसासऱ्याची दाढ कशी काढली तेही सांगून जातो. हिरडीच्या वाट्याला यातलं काही नाही. ती फुगते, लाल होते, दाताच्या कडेनं मऊ पडते, चुळीच्या पाण्यात गुलाबी रंग सोडते आणि गप्प राहते. बोंब न मारणारं माणूस आमच्याकडे सुखी समजतात. घरातल्या सुना आणि हिरड्या या एकाच गैरसमजाच्या बळी आहेत.

खरं म्हणजे धडधाकट हिरडीतून ब्रश लागला म्हणून रक्त येत नाही. हात धुताना बोटांतून रक्त आलं तर हेच भाऊजी मिळेल त्या एस.टी.नं अमरावती गाठतील. तोंडातून आलं की मात्र ती ब्रशची चूक. 'कडक लागला असन', 'पेस्ट गरम पडली असन', 'काल मिरचीची भाजी जरा जास्तच झाली', असे पंचनामे होतात आणि शेवटी शिक्षा ब्रशला. ज्या बाजूनं रक्त येतं ती बाजू घासायची सोडून द्यायची. त्या बाजूला मग साका साचतो, साक्यात जंतू वाढतात, जंतूंमुळं हिरडी आणखी सुजते, आणखी रक्त येतं, आणि मग दुसरी बाजूही सोडून द्यायची. उपायातून रोग आणि रोगातून उपाय असं हे रहाटगाडगं वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं.

त्या साक्यातले जंतू पहिल्यांदा पाहिले ते हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेवेनहुकनं. धंद्यानं कापडवाला माणूस, छंद भिंगं घासायचा. १६८३ साली त्यानं आपल्या दातांमधला पांढरा चिकटा खरवडून भिंगाखाली धरला, तर त्यात जीवांची जत्रा भरलेली. त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला तसं पत्र धाडलं. आणि हा माणूस रोज मिठानं दात घासणारा होता. आमच्या पारावरच्या एखाद्या तोंडात त्यानं डोकावलं असतं तर कापडाचं दुकान कायमचं बंद करून तो इथंच राहिला असता.

पुढं १९६५ साली डेन्मार्कमध्ये आरहूसच्या दंत महाविद्यालयात हॅराल्ड लो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फारच सोपा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांची १२ माणसं घेतली, बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी, आणि त्यांना दात घासायची बंदी केली. दहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंतच्या काळात झाडून सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांना पुन्हा ब्रश दिले, तर आठवडाभरात हिरड्या जाग्यावर. हिरड्यांचा दाह साक्यानं होतो आणि साका काढला की जातो, हे त्यातून पक्कं झालं. भाऊजींना हे सांगितलं तेव्हा त्यांना प्रयोगापेक्षा एकाच गोष्टीचं नवल वाटलं. "दात घासू नोका म्हून त्याइले सांगा लागलं?"

त्यांचा खरा मुद्दा वेगळाच होता, आणि तो त्यांनी वकिलासारखा राखून ठेवला होता. "बावा, हिरडीतून रक्त येते ते संत्र्याच्या कमीनं. शायेत शिकलो ना आपण. अन् म्या कोन? संत्र्याचा बागाईतदार. मले कायचा रोग?"

यात अर्धं खरं आहे, म्हणूनच हा मुद्दा मारायला कठीण. 'क' जीवनसत्त्व नसलं की स्कर्व्ही होतो, हिरड्या फुगून रक्ताळतात, दात हलतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या इंग्रज आरमारातल्या डॉक्टरनं सॉल्झबरी जहाजावरच्या १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या. कोणाला सायडर, कोणाला व्हिनेगर, कोणाला चक्क समुद्राचं पाणी पाजलं, आणि एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू दिलं. सहा दिवसांत फळं संपली, पण तोवर ती जोडी उठून कामाला लागण्याच्या बेतात आली होती. (समुद्राचं पाणी प्यालेल्या दोघांची मला अजून काळजी वाटते.) लिंडची हकीकत मोर्शी-वरुडच्या माणसाला आपलीच वाटणार. संत्री पिकवतो आम्ही आणि नाव होतं नागपूरचं, हे दुःख उगाळताना आरमार वाचवल्याचं श्रेय तरी पदरात पडतं. पण भाऊजी जहाजावर नाहीत. ते भाजी खातात, आवळा खातात, मोसमात बागेत उभ्या उभ्या डझनभर संत्री सोलतात. त्यांच्या हिरडीला 'क'ची ददात नाही. तिच्या कडेला जे पिवळं-तपकिरी किटण बसलंय ते टोपलीभर संत्र्यांनी निघत नाही. उलट आंबटगोड रस दिवसभर दातांवर खेळवत ठेवला तर दात झिजतात ते वेगळंच.

या किटणाचं एक सांगायला हवं. मऊ साका दातावर बसून राहिला की लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि तो दगड होतो. मग ब्रशनं कितीही घासा. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूनं ते सगळ्यात दाट असतं, कारण जिभेखालच्या लाळेच्या नळ्या बरोबर तिथं उघडतात. जीभ फिरवून पाहा. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आत्ता फिरवलीच. गुळगुळीत लागण्याऐवजी खरखरीत कंगोरा लागला तर समजायचं. परदेशात हजारो वर्षांपूर्वीच्या कवट्यांच्या दातांवरचं किटण खरवडून त्या माणसांनी काय काय खाल्लं, त्यांच्या तोंडात कोणते जंतू होते, हे शास्त्रज्ञ वाचून काढतात. आमच्या गावात पोथ्या जपायची रीत आहेच, तेव्हा भाऊजी तेही जपून ठेवतात असं म्हणायला हरकत नाही. पुढल्या एखाद्या संशोधकाला त्यात जवारीची भाकर, ठेचा, हुरडा आणि खर्रा एवढे चार अध्याय नक्की सापडतील.

आता खर्रा. विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो, पानठेल्यावर हा समोर तयार होतो आणि तो होताना पाहणं हा नशेचा निम्मा भाग आहे. ठेलेवाला प्लॅस्टिकच्या पन्नीवर सुपारीची खांडं टाकतो, वरून तंबाखू, वरून चुन्याचं बोट, पन्नीची घडी घालतो आणि फळीवर दोन्ही हातांनी घोटायला लागतो. खालीवर, खालीवर, सारं अंग हलवत. गिऱ्हाईक तोवर राजकारण बोलतं. घोटून घोटून सुपारी ओलसर, तपकिरी झाली की पन्नीला गाठ मारून हातात. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पुढं सुगंधित तंबाखू आणि सुपारीवरही आली. खर्रा घोटायचा आवाज काही बंद झाला नाही. आमच्याकडे लोक खिशात मोबाइल विसरतात, पन्नी नाही विसरत.

हिरडीच्या बाबतीत तंबाखूचा सगळ्यात मोठा डाव असा की ती रोग वाढवते आणि रक्त मात्र लपवते. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हिरडी फिकट आणि घट्ट दिसते, घासताना रक्त कमी येतं. म्हणजे हिरडीला बोलायची जी एकुलती एक सोय होती, तीही गेली. भाऊजींचा एक दोस्त दिवसभर गालात खर्रा धरून असतो. तो अभिमानानं सांगतो, "माह्या तोंडातून थेंब नाई येत. पाहा तुमी." खालचा ओठ ओढून दाखवतो. हिरडी खाली सरकून दाताची पिवळी मुळं उघडी पडलीत, दोन दात बोटानं हलतात, पण थेंब नाही हे खरं. सुपारीचे प्रताप तर याहून पुढचे. तोंडाच्या आतली कातडी कडक होत जाते, जबडा उघडेनासा होतो. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते पाहायचं. त्या दोस्ताची दोन कशीबशी गेली. त्यावर तो म्हणाला, "तिसरं कायले पायजे? घास तं जाते ना." सुपारी कर्करोग करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ सालीच ठरवून टाकलंय. त्या विषयावर विनोद करायची माझी हिंमत नाही.

ज्यांना हे सगळं पाश्चात्त्य थोतांड वाटतं त्यांच्यासाठी आपला सुश्रुत आहे. 'सुश्रुतसंहिते'च्या निदानस्थानात तोंडाचे ६५ रोग मोजलेत, त्यांतले १५ एकट्या दातांच्या मुळाशी. पहिलाच शीताद. काही कारण दिसत नसताना हिरड्यांतून रक्त येतं, घाण वास सुटतो, मांस काळपट, ओलसर होऊन झडायला लागतं. भाऊजींचं वर्णन यापेक्षा बरं कोणी केलेलं नाही. पण त्या पंधरांतला खरा मानकरी पुढं आहे. हिरड्यांवर घासलं गेल्यानं मोठी सूज येते, दात हलायला लागतात, असा जो आघातानं होणारा रोग, त्याचं नाव सुश्रुतानं दिलंय 'वैदर्भ'. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून पुन्हा वाचलं. १९८४ साली दांडेकर समितीनं विदर्भाचा अनुशेष मोजला, रस्ते मोजले, पंप मोजले, विहिरी मोजल्या. रोगांच्या यादीत मात्र आमचा वाटा त्याच्या कितीतरी आधी न मागता मिळालेला. रिद्धपूरच्या पारावर हे सांगितलं तर मंडळींना वाईट वाटायच्या ऐवजी छाती फुगल्यासारखं झालं. एकानं विचारलंही, "पश्चिम महाराष्ट्राच्या नावानं आहे का एखादा?" नाही म्हटल्यावर समाधानानं मान हलवली.

आणि घासण्यात आम्ही कमी नव्हतोच. आमची मोठी माय अजून सकाळी अंगणात बसून डाव्या तळव्यावर मंजन घेते आणि उजव्या हाताचं बोट तोंडात घालून कल्हई केल्यागत घासते. लहानपणी तिनं चुलीतली राख लावली, मग कोळसा, मग माकडछाप काळी पावडर, मग विको वज्रदंती. ही विको काढणारे केशव विष्णू पेंढरकर मूळचे नागपूरकडचे, मुंबईत १९५२ साली धंदा उभा केला, म्हणून तिला ते माहेरचं औषध वाटतं. तिच्या मैत्रिणी तंबाखूची मिसरी लावायच्या. दात घासायचं नाव, आणि सकाळची तलफ भागवायचं काम. मोठी माय त्यातली नाही. महानुभावांचा उपदेश घेतलेली बाई, व्यसनाचं नाव काढू देत नाही. पण तिला वाटतं की जितकं जोरात घासावं तितका दात पक्का. त्या जोरानं तिच्या दातांना कडेनं खाचा पडल्यात आणि बोट काही दोन दातांच्या फटीत जात नाही. साका नेमका तिथंच बसतो.

ब्रश घरात आहेत. प्लॅस्टिकच्या पेल्यात सात-आठ ब्रश उभे, केस चौफेर पांगलेले, कोणता कोणाचा यावर रोज सकाळी वाद. आमच्याकडे ब्रशला मरण नाही. दातांवरून निवृत्त झाला की केसांना मेंदी लावतो, मग कॉलर घासतो, शेवटी मोटारसायकलची चेन. वास्तविक घ्यायचा तो मऊ केसांचा, धरायचा तिरका, म्हणजे अर्धे केस दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर येतील असा, आणि हलवायचा हळू, जागच्या जागी. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मिनिटं. फटींसाठी दोरा किंवा बारीक गोल ब्रश. भाऊजींनी दोन मिनिटं मोबाइलवर लावून पाहिली. अर्ध्या मिनिटानंतर त्यांना बागेतली सगळी कामं आठवायला लागली.

त्यांना शेवटी दवाखान्यात नेलं ते विज्ञानानं नाही, रोडग्यानं नेलं. पौषात शेतात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, वरून कडक, आतून मऊ, तुपात चुरायचे आणि वांग्याच्या भाजीत कालवायचे. भाऊजींना चुरलेलं आवडत नाही, ते वरचं कडक कवच तसंच फोडतात. पहिल्याच घासाला थांबले. तोंडात काही खडा आला म्हणून जिभेनं चाचपलं. खडा नव्हता, खालचा पुढचा दात होता, जाग्यावरच होता पण पुढंमागं होत होता. पंगतीतल्या कोणालाही त्यांनी सांगितलं नाही. नुसतं वरण प्यायले आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला. "बावा, तो तुया हिरडीचा डॉक्टर कुठी बसते?"

अमरावतीत दंत महाविद्यालय आहे, खासगी दवाखाने तर गल्लोगल्ली आहेत. आम्ही गेलो तिथल्या डॉक्टर मॅडम हिरड्यांच्याच तज्ज्ञ होत्या. आपल्याकडे दाताचा डॉक्टर म्हणजे दात उपटणारा हे इतकं पक्कं बसलंय की भाऊजी खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "काढून टाका मॅडम, भानगड मिटवा." मॅडमनी दात काढला नाही. एक बारीक सळई घेतली, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. ती प्रत्येक दाताच्या कडेनं हिरडीत अलगद घालायची आणि आकडा सांगायचा, मदतनीस मुलगी लिहून घेणार. "तीन, तीन, पाच. चार, सहा, सात." भाऊजींचे डोळे मोठे झाले. नंतर मला बाहेर म्हणाले, "मले वाटलं वरली-मटक्याचे आकडे सांगून रायली."

तीनपर्यंत ठीक असतं. त्याच्या पुढं हिरडी दातापासून सुटून खिसा तयार झालेला असतो आणि त्या खिशात जंतू आणि किटण दडून बसतं. क्ष-किरणाच्या फोटोत दिसलं की दाताभोवतीचं हाड बरंच खाली गेलंय. मॅडम मूळच्या शेतकऱ्याच्या घरच्या असाव्यात. त्यांनी विचारलं, "काका, संत्र्याच्या बुडाची माती वाहून गेली तर झाड कशावर उभं राहील?" भाऊजी पहिल्यांदा गंभीर झाले. "अन् माती टाकली परत तं?" मॅडम म्हणाल्या की गेलेलं हाड बहुतेक ठिकाणी परत येत नाही, पण आहे ते टिकवता येतं. नुसती सूज होती तेव्हाच आले असते तर सगळं पूर्ववत झालं असतं. मग शुगर तपासायला लावली. मधुमेहानं हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी शुगर आवाक्यात राहत नाही, असा दुहेरी हिशेब आहे. रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे तेही विचारलं, काही गोळ्यांनीही हिरड्या फुगतात म्हणे. भाऊजींना एवढे प्रश्न लग्न ठरवतानासुद्धा कोणी विचारले नव्हते.

मशिनीनं साफ करायचं म्हटल्यावर त्यांनी गावातला सगळा पुरावा पुढं केला. साफ केल्यानं दात हलतात, फटी पडतात, वरचा चकाकणारा थर निघून जातो. मॅडमनी शांतपणे सांगितलं की फटी आधीच पडल्यात, त्या किटणानं बुजल्यात. दात आधीच हलतोय, किटणानं शेजाऱ्याला बांधून ठेवलाय. मशीन खरवडत नाही, तिचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं आणि किटण सुटून पडतं, वर पाण्याचा फवारा. एक नळी गालात लटकून पाणी ओढत होती. भाऊजींनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि पायाचे अंगठे ताठ केले. थुंकायच्या भांड्यात तपकिरी खपल्या पडल्या. त्यांतली एक त्यांनी बोटानं उचलून पाहिली आणि "हे माह्या तोंडातलं?" असं विचारलं. मॅडम 'हो' म्हणाल्या, तर म्हणाले, "कंची गिट्टी टाकली होती रे बाप्पा!"

पुढच्या खेपेला खोल खिशांच्या जागी भूल देऊन मुळं साफ केली, दोन ठिकाणी हिरडी उघडून टाके घातले, हलणारे दात मागून बारीक तारेनं शेजाऱ्यांना बांधले. चिठ्ठीवर दोन आठवडे गुळण्यांचं औषध. महानुभाव मंडळींनी आपली पोथी परक्याच्या हाती पडू नये म्हणून सकळा लिपी काढली होती, शतकानुशतकं बाहेरच्याला ती वाचता येत नव्हती. ती चिठ्ठी पाहिल्यावर ही परंपरा कोणी चालू ठेवलीय ते कळलं. एक इशारा मात्र मॅडमनी तोंडी दिला. हे औषध जास्त दिवस घेतलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात. भाऊजी म्हणाले, "ते नोका सांगू. खर्ऱ्याचे पडलेच हायेत."

खर्रा सोडा, असं मॅडमनी तीनदा सांगितलं. तो सुटल्यावर काय झालं ते पुढं येईलच, पण सुटायला पानठेला बदलून, दोस्त बदलून आणि खिशात फुटाणे ठेवूनही पावसाळा गेला.

सध्या रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे, २०२४ साली सुरू झालं. माझ्या मते त्यानं या सगळ्या प्रकरणात लक्ष घालायला हवं. त, थ, द, ध हे वर्ण जिभेचं टोक दातांना टेकल्याशिवाय निघत नाहीत. गावातले पुढचे दात असेच जात राहिले तर लीळाचरित्राचा शुद्ध पाठ करणार कोण? आमच्या शेजारचे गुरुजी हल्ली 'दत्तात्रेय' म्हणतात तेव्हा समोरच्यानं हातभर मागं सरकून बसावं लागतं. मराठीला अभिजात दर्जा मिळालाच आहे, तर त्याच्या अनुदानात एखादी दाताची खुर्ची बसवता आली तर पाहावी.

भाऊजी आता बदलले आहेत, आणि बदललेल्या माणसाइतका त्रास दुसरा नाही. खर्रा सुटल्यावर त्यांच्या हिरडीतून पहिल्यांदा चांगलं ठळक रक्त आलं, तेव्हा त्यांनी मला फोन करून आनंदानं सांगितलं. मॅडमनी तसं होईल म्हणून आधीच बजावलं होतं, तंबाखूचा पडदा उठला की खरं रूप दिसतं. नीट घासत राहिले तसं ते थांबलं. तेव्हापासून समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहून बोलायची त्यांची सवय गेली. ते तोंडाकडे पाहतात. एस.टी.त शेजाऱ्याला विचारतात, "वास येते का कोनी म्हन्ते तुमाले? घरचे नाई सांगत, मी सांगतो." पुष्कळ लोक पुढच्याच थांब्यावर उतरतात.

परवा आमच्या भाचीचं पाहणं होतं. मुलाकडची मंडळी चांदूर बाजारकडची, मुलगा बँकेत, घरी ओलिताची बारा एकर, माणसं सालस. चहा-पोहे झाले. मुलाला नोकरीचं विचारून झालं, बदलीचं विचारून झालं. सगळे भाऊजींच्या तोंडाकडे बघायला लागले, कारण घरात मोठे तेच. भाऊजी खुर्ची पुढं ओढून मुलाला म्हणाले, "बेटा, जरा हास." मुलगा लाजून हसला. भाऊजींनी मान तिरकी करून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं पाहिलं.

"पोरगं चांगलं हाय," ते म्हणाले. बायकांनी सुटकेचा श्वास घेतला. "सोभाव बी चांगला दिसते. पन वरच्या हिरडीले सूज हाय. घासताना रक्त येते ना, जवाईबापू?"

मुलगा आईकडे पाहायला लागला. मुलाचे वडील घाईनं मध्ये पडले. "अहो, ते तं येतच असते थोडंफार. दुखत तं नाई ना त्याले."

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पोह्यांच्या बशीत तोंड घातलं. मग त्यांनी खिशातून डायरी काढली, साक्षगंधाची तारीख लिहायची होती त्या पानावर अमरावतीच्या मॅडमचा नंबर लिहिला, पान फाडून मुलाच्या बापाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आधी हे करा. तारखेचं मंग पाहू. अन् तुमीबी जरा तोंड उघडा पाहू."